सिल्व्हर टॉर्चच्या शेंड्यावरचे गुलाबी फूल

बोलिव्हिया आणि अर्जेंटिनाच्या डोंगरउतारांवर वाढणारा क्लाइस्टोकॅक्टस स्ट्रॉसी, म्हणजेच ‘सिल्व्हर टॉर्च’, हा निवडुंग हल्ली समाजमाध्यमांवरून सर्रास विकला जातो. त्याच्या नावाखाली माझी जी फसवणूक झाली, ती इतरांची होऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

विक्रेत्याने वीतभर उंचीचे, शेंड्यावर गुलाबी फूल उमललेले रोप छायाचित्रात दाखवले, ते थेट बोलिव्हियाहून आणल्याचे सांगितले आणि केवळ त्या फुलापायी साध्या रोपाच्या तिप्पट रक्कम यूपीआयवरून आगाऊ घेतली. पार्सल उघडून फुलाला बोट लावले, तर पाकळ्या कागदासारख्या खरखरल्या आणि देठाच्या जागी पांढऱ्या काट्यांत थिजलेला गोंदाचा थेंब दिसला. फूल दुसऱ्याच कुठल्या झाडाचे, वाळवून रंगवलेले होते. कुंडीतले वरचे खडेही गोंदानेच एकमेकांना जखडलेले होते. ते फोडून काढले, तेव्हा कोकोपीटमध्ये नुसती खोचलेली, एकही मूळ नसलेली आणि बुडाशी तपकिरी पडू लागलेली फांदी हाती आली.

वास्तविक हे झाड बुडापासून फुटवे काढत झुडपासारखे वाढते, त्याचे खांब तीन मीटरपर्यंत जातात आणि साधारण दीड फूट उंची गाठेपर्यंत त्याला सहसा फूल येत नाही. येते तेही गडद लाल, नळीसारखे, खांबाच्या अंगातून आडवे निघणारे आणि पुरते न उमलणारे असते, कारण त्यातला मध हमिंगबर्डच्या लांब चोचीसाठी असतो. शेंड्यावर शेवंतीसारखे पसरलेले फूल दिसले, की ते चिकटवलेले आहे असे खुशाल समजावे. परदेशातून आणल्याच्या दाव्याचेही तसेच: निवडुंगाचे जवळजवळ सगळे कुळ ‘साइटीस’ या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येत असल्याने निर्यात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. मी ते मागितल्यावर ‘कागद गोडाऊनला आहेत’ असे उत्तर मिळाले. (बियांपासून रोपवाटिकेत वाढणाऱ्या झाडाला बोलिव्हियाचा टिळा कशाला हवा, हाही प्रश्नच आहे.)

त्यामुळे पैसे देण्यापूर्वी फुलाचा देठ जवळून दाखवणारा आणि कुंडीतले खडे बोटाने हलवणारा व्हिडिओ मागावा, आणि पार्सल उघडतानाही चित्रीकरण करावे.

‘प्रवासात फूल सुकते, त्याला आम्ही काय करणार?’ एवढे कळवून विक्रेत्याने मला ब्लॉक केले. मी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. दरम्यान, तेच छायाचित्र नव्या नावाच्या खात्यावर पुन्हा विक्रीला लागले आहे. फक्त फूल आता पिवळे केले आहे.