होम नर्सिंग ब्युरो: दिवसाच्या सिस्टरना ५ स्टार, रात्रीच्या सर्व्हिसला १

बाबा ७८ वर्षांचे, प्रोस्टेटमुळे लघवीची नळी लावलेली, म्हणून पुण्यातल्या एका ब्युरोकडून दिवसा सिस्टर आणि रात्री अटेंडंट असं २४ तासांचं पॅकेज घेतलं होतं.

त्या दिवशी सकाळी आठला सिस्टर आल्या, हात धुतले आणि बाबांना बघूनच थबकल्या. रात्रीच्या वहीत 'ताप नाही, शांत झोप' लिहिलेलं, मलाही ते वाचून बरंच वाटलेलं. त्यांनी घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले, २८ आले. बीपी ९२/५८, एरवी वरचं १४० च्या आसपास असतं. ताप खरंच नव्हता, उलट ९६ च्या खाली आणि हातपाय गार. पिशवीत रात्रभरात कपभरसुद्धा लघवी नाही, तीही काळपट गढूळ. नाव विचारलं तर बाबा भलतंच काहीतरी पुटपुटले. सिस्टर म्हणाल्या, "ताई, ही झोप नाहीये, मला सेप्सिस वाटतोय, तुम्ही अँब्युलन्स बोलवा, मी कॅज्युअल्टीला कळवते." सेप्सिस म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीरातले अवयव निकामी व्हायला लागणं, आणि म्हाताऱ्या माणसांना एवढं इन्फेक्शन होऊनही ताप येईलच असं नसतं, हे मला तेव्हा कळलं.

फोन आधीच गेल्यामुळे पोचल्या पोचल्या दोन ठिकाणांहून कल्चरचं (कुठले जंतू आहेत ते शोधायचं) रक्त घेतलं, लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा कमी पडतोय का ते सांगणारी रक्ततपासणी) पाठवलं आणि लगेच अँटिबायोटिक सुरू, सगळं तासाच्या आत. वजन ६० किलो, किलोला ३० मिली या हिशोबाने १८०० मिली सलाईन तीन तासांत दिलं, मधेमधे छाती तपासत होते, नळी बदलली आणि तिथल्या सिस्टर दर तासाला लघवी मोजून लिहीत होत्या. नऊ दिवसांनी बाबा घरी आले.

घरी आल्यावर वही चाळली तर रात्रीच्या प्रत्येक नोंदीत श्वास १८, १८, १८. कोणी मोजलेच नव्हते!! रात्रीच्या अटेंडंट मावशी मायेने करायच्या, पण त्यांना हे कुणी शिकवलंच नव्हतं आणि ब्युरोने पैसे मात्र ट्रेन्ड नर्सचे घेतले. ऑफिसला फोन केला तर म्हणे ताप नव्हता ना मग. याचा मला फार राग आहे.

बुकिंग करताना रात्री नक्की कोण येणार, जीएनएम (तीन वर्षांचा नर्सिंग डिप्लोमा) की एएनएम (दोन वर्षांचा कोर्स), महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का, सगळं लेखी मागा. आम्ही आता दिवसाच्या सिस्टर तेवढ्या ठेवल्यात, रात्री मी आणि भाऊ आळीपाळीने जागतो. श्वास मोजायला त्यांनीच शिकवलं, काल रात्री दोन वाजता १६ होते.