वर्षाला हजाराच्या आत वेबसाइट: गूगल साइट्स वापरून पाहिलं त्याचा हिशेब

आमचं रुग्णसाहित्य केंद्र नाशिकच्या इंदिरानगरात आहे. वॉकर, कमोड खुर्ची, व्हीलचेअर, फाउलर बेड, एअर बेड असं सामान अनामत घेऊन नाममात्र भाड्याने द्यायचं, रुग्णाची गरज संपली की परत घ्यायचं, पुसून-तपासून पुढच्याला द्यायचं, एवढंच काम. मी तिथली खजिनदार, त्यामुळे या परीक्षणात रंगरूपापेक्षा पैशाचा विचार जास्त सापडेल. ज्यांना देखणी वेबसाइट हवी आहे त्यांना माझा फारसा उपयोग नाही.

व्हॉट्सअॅप असताना वेबसाइट कशाला, असं कार्यकारिणीत विचारलं गेलंच. पण जिल्हा रुग्णालयातून आईला घरी न्यायला निघालेला माणूस आपल्या ग्रुपमध्ये नसतो. तो त्र्यंबक रोडवर रिक्षा शोधता शोधता फोनवर आम्हाला शोधत असतो. बेड शिल्लक आहे का, अनामत किती, आणि तुम्ही इंदिरानगरच्या बोगद्याच्या अलीकडे की पलीकडे, एवढंच त्याला हवं असतं. सिन्नर, दिंडोरी, पेठहून येणाऱ्याला तर हे आधी कळलंच पाहिजे, नाहीतर गाडीभाडं करून यायचं आणि रिकाम्या हाताने परत जायचं.

दरपत्रकं मागवली. वीस हजारांच्या खाली कुणी उतरेना, आणि वार्षिक देखभाल वेगळी. देखभालीत काय येतं, असं मी विचारलं की समोरून 'सगळं येतं' असं उत्तर यायचं. एका बदलाचे किती, हे मात्र कुणी लिहून देईना. एकाने तर डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्याच नावावर घेऊन ठेवतो म्हणून सांगितलं, 'तुम्हाला कटकट नको'. अशी कटकट मी आनंदाने पत्करते. संस्थेचं बँक खातं कुणी दुसऱ्याच्या नावावर उघडतं का?

म्हणून गूगलच्या 'साइट्स' या मोफत साधनावर आम्हीच वेबसाइट बनवली. तर आधी डोमेन. वेबसाइट फुकटात होते. डोमेन होत नाही आणि होऊही नये. गूगल साइट्स जो फुकटचा पत्ता देतं त्यात 'साइट्स डॉट गूगल डॉट कॉम स्लॅश व्ह्यू' इतकं सगळं आधी येतं आणि संस्थेचं नाव शेवटी. पावतीवर छापायला तो निरुपयोगी. 'डॉट ओआरजी' कुणालाही मिळतं, संस्था असण्याचा पुरावा लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आम्ही 'डॉट इन' घेतलं, जीएसटी धरून वर्षाला हजाराच्या आत बसतं. विकणाऱ्याच्या पानावर मोठ्या अक्षरात दिसतो तो पहिल्या वर्षाचा भाव. नूतनीकरणाचा भाव बारीक अक्षरात असतो आणि तोच खरा. खरेदी करताना सोबत होस्टिंग (वेबसाइट ठेवायला भाड्याची जागा), ईमेल, 'सुरक्षा कवच' अशा बऱ्याच गोष्टी टोपलीत आपोआप पडलेल्या असतात. त्या एकेक करून काढा. गूगल साइट्सला वेगळं होस्टिंग लागत नाही आणि पत्त्याआधी 'एचटीटीपीएस' येण्यासाठी, म्हणजे जोडणी सुरक्षित राहण्यासाठी, लागणारं एसएसएल फुकट मिळतं. नूतनीकरण एकदम काही वर्षांचं करता येतं, दहापर्यंत. मुदत चुकली तर सवलतीचे थोडे दिवस मिळतात, त्यानंतर तेच नाव सोडवून घ्यायला मूळ किमतीच्या कितीतरी पट मोजावे लागतात. म्हणून नोंदणी संस्थेच्या ईमेलवर, आणि तारीख माझ्या डायरीत लेखापरीक्षणाच्या तारखेशेजारी.

डोमेन साइटला जोडणं हा एकच भाग असा होता जिथे मला भाचीला बोलवावं लागलं. डोमेन विकणाऱ्याच्या डीएनएस पानावर, म्हणजे पत्ता कुठे न्यायचा ते ठरवणाऱ्या पानावर, दोन नोंदी टाकायच्या असतात, एक मालकी सिद्ध करायला आणि एक 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' गूगलकडे वळवायला. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' न लिहिता कुणी पत्ता टाकला तरी साइट उघडावी म्हणून त्याच पानावर फॉरवर्डिंगही लावून घ्या. नोंद पसरायला वेळ लागतो. तोवर सारखं बदलत बसू नका.

आता साइट्स हे प्रकरण. संगणकावर ब्राउझरमध्ये उघडायचं, उजवीकडच्या पट्टीतून मजकुराची चौकट, फोटो, नकाशा, बटण ओढून पानावर ठेवायचं. पॉवरपॉइंट येतं त्याला हे येतं. 'प्रकाशित करा' दाबेपर्यंत बाहेर काही दिसत नाही, त्यामुळे बिनधास्त खोडाखोड करता येते. जुन्या आवृत्त्या साठवलेल्या असतात. आमच्या चिटणीसांनी एकदा मुख्य पान जवळजवळ रिकामं केलं होतं, ते मागची आवृत्ती काढून परत आणलं. फोनवर पान आपोआप नीट बसतं. पण फोनवरून पान संपादित करायला जाल तर हात पोळतील. त्यासाठी संगणकच हवा. मोठी उणीव आहे ही. आमच्या निम्म्या कार्यकर्त्यांकडे संगणक नाही.

तरीही आमचं काम अडलं नाही, त्याचं कारण शीट. 'सामान उपलब्ध आहे का' हे पान म्हणजे साइटमध्ये बसवलेली एक गूगल शीट आहे. चारच रकाने: वस्तू, एकूण, शिल्लक, अनामत. केंद्रावर बसणाऱ्या ताई बेड दिला की स्वतःच्या फोनवर शीट्सच्या अॅपमध्ये शिल्लकचा आकडा एकने कमी करतात आणि साइटवर तो बदलतो. 'प्रकाशित करा' दाबायचीही गरज नाही. या एका सोयीसाठी मी गूगल साइट्सच्या बाकीच्या उणिवा पोटात घालायला तयार आहे. वीस हजारांच्या दरपत्रकात हेच काम 'इन्व्हेंटरी मॉड्यूल' म्हणून वेगळ्या रकमेत लावलं होतं.

रकाने चारच का, तर पाचवा टाकला की फोनवर तक्ता आडवा सरकवावा लागतो आणि अनामतीचा आकडा कुणाला दिसतच नाही.

घोडं अडतं ते परवानगीपाशी. साइट सगळ्यांना दिसते म्हणून तिच्यात बसवलेली शीटही दिसेल असं नसतं. शीटची स्वतःची शेअरिंगची सेटिंग वेगळी असते. तुम्ही स्वतः लॉग-इन असता, त्यामुळे तुम्हाला सगळं छान दिसतं आणि पाहुण्याला मात्र परवानगी मागणारी चौकट. साइट तयार झाली की गुप्त (इन्कॉग्निटो) विंडोत उघडून बघायची सवय लावा. आणि याची उलटी बाजू जास्त गंभीर आहे. 'लिंक असलेल्या कुणालाही' अशी परवानगी दिली की अख्खी फाइल उघडी पडते, तिच्यातली प्रत्येक शीट. सामान कोणी नेलं, रुग्णाचं नाव काय, फोन कोणता, घर कुठे, ही नोंद त्याच फाइलच्या दुसऱ्या टॅबमध्ये असेल तर तीही. टॅब लपवून भागत नाही. फाइलची प्रत काढून लपवलेला टॅब उघडता येतो. आमच्याकडे दोन पूर्णपणे वेगळ्या फाइली आहेत. रुग्णांची फाइल तिघांनाच उघडते.

फोटोंवरून वाद झाला. देणगीदार, अध्यक्ष आणि मधोमध नव्या व्हीलचेअरवर बसलेल्या आजी, असा फोटो मुखपृष्ठावर हवा होता. आजींना विचारलं का, म्हटल्यावर सभागृह शांत. शेवटी रिकाम्या, धुतलेल्या व्हीलचेअरचा फोटो लागला आणि मला तो जास्त आवडतो. गरज असलेल्याला खुर्ची कशी आहे ते बघायचं असतं, आमचे सत्कार बघायचे नसतात. फोटो फोनमधून थेट टाकू नका, आधी लहान करा. सुरगाण्याकडच्या रेंजमध्ये जड पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून फोन खिशात टाकतो.

मराठीचं काय, हे विशेष सांगायला हवं. आमची नियमावली आणि अनामतीचे नियम एका डीटीपीवाल्याकडे वर्षांपूर्वी टाइप झालेले, जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. ते साइटवर चिकटवलं की अक्षरांऐवजी इंग्रजी अक्षरं, अर्धविराम आणि कंस उमटतात. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं फुकट मिळतात, पण त्यानंतर प्रूफ वाचावंच लागतं. रफार आणि पहिली वेलांटी हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. 'वापरणाऱ्याने' मधला 'ऱ्या' तर प्रत्येक ठिकाणी हाताने दुरुस्त केला. फॉन्ट आम्ही मुक्ता ठेवला, एक टाइप या मुंबईच्या गटाने केलेला, मोफत. जाड-बारीक वजनं आहेत आणि चष्मा विसरलेल्यालाही वाचता येतो.

देणगीच्या पानावर मी कुणाचं ऐकलं नाही. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणारी सोय, गूगल साइट्समध्ये आपसूक येत नाही, आणि मला नकोच होता. कमिशन तर जातंच, शिवाय परदेशातून कार्डाने आलेली रक्कम कुणाची आहे हे नंतर शोधत बसावं लागतं. भारतीय पासपोर्टवर तिकडे नोकरी करणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलं तर ठीक. पण नागरिकत्व बदललेल्या आप्ताचे पाच डॉलरही कायद्याने परदेशी निधी ठरतात, आणि परदेशी निधीसाठीच्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी नसेल तर ते घेता येत नाहीत. म्हणून पानावर संस्थेच्या खात्याचा क्यूआर आणि त्याखाली यूपीआय आयडी अक्षरात. अक्षरात अशासाठी, की साइट बघणारा फोनवरच बघत असतो; स्वतःच्याच पडद्यावरचा क्यूआर तो कोणत्या फोनने स्कॅन करणार? खाली एक ओळ: आयकर सवलतीची ८०जी पावती हवी असेल तर नाव, पत्ता आणि पॅन या फॉर्ममध्ये भरा, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी त्या सवलतीला चालत नाही. फॉर्म अर्थात गूगल फॉर्म, ज्याची उत्तरं फक्त माझ्याकडे येतात.

काय नाही, तेही सांगते. बातम्यांचा ब्लॉग नाही. दर महिन्याला उपक्रमाचा वृत्तान्त टाकणाऱ्या संस्थेने ब्लॉगर किंवा वर्डप्रेस बघावं. वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यात काय वाटेल ते करता येतं, पण त्याला होस्टिंग विकत लागतं आणि त्याची अद्यतनं वेळच्या वेळी कुणीतरी करावी लागतात. असा 'कुणीतरी' संस्थेत कायमचा असेल तरच त्या वाटेला जा. वर्डप्रेस डॉट कॉमचा फुकट प्लॅन वेगळा. त्यात स्वतःचं डोमेन जोडता येत नाही आणि पानावर त्यांच्या जाहिराती येतात. साइट्समध्ये मांडणीचे साचे मोजके, त्यामुळे आमची साइट शाळेच्या प्रकल्पासारखी दिसते, हे भाचीचं मत मला मान्य आहे. आणि शोधात वर येण्यासाठी करण्यासारखं फार काही हाती नसतं. ती कसर आम्ही नकाशावर भरून काढली. गूगलवर केंद्राची व्यवसाय नोंद मोफत होते. पडताळणीसाठी पाटी आणि आतलं सामान दाखवणारा व्हिडिओ द्यावा लागला. आता 'वॉकर भाड्याने नाशिक' असं शोधणारा बहुधा आधी नकाशावर येतो, वेळ बघतो आणि मग साइटवर शिल्लक बघायला जातो.

साइट कुणाच्या खात्यात बनवायची, हे ठरवूनच सुरुवात करा. ती बनवणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये राहते. उत्साही तरुण पुण्याला नोकरीला गेला की साइटही त्याच्याबरोबर. संस्थेच्या नावाने वेगळं गूगल खातं उघडलं आणि कार्यकर्त्यांना संपादक म्हणून जोडलं. त्या खात्याचा ओटीपी एकाच माणसाच्या फोनवर अडकू नये म्हणून बॅकअप कोड छापून इतिवृत्ताच्या कपाटात ठेवलेत. फुकट खात्याला १५ जीबी जागा, ती आम्हाला पुरून उरते. दोन वर्षं कुणी उघडलंच नाही तर गूगल ते खातं काढून टाकू शकतं, २०२३पासून तसा नियम आहे, म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या खात्यातून काम केलं तरी मी अधूनमधून संस्थेच्या खात्यात शिरते. नोंदणीकृत संस्थांसाठी गूगलची वेगळी मोफत योजनाही आहे, तिच्यात स्वतःच्या डोमेनचा ईमेल मिळतो. नोंदणीची कागदपत्रं तयार असतील तर अर्ज करून बघा.

अध्यक्षांची एक मागणी राहिली आहे. पानाच्या तळाशी 'आतापर्यंत भेट देणारे' असा लुकलुकणारा आकडा हवा म्हणतात. गूगल अॅनालिटिक्स जोडलं आहे, त्याचा आकडा मी मासिक बैठकीत वाचून दाखवते. त्यांना तो लुकलुकतानाच बघायचा आहे. तसा बाहेरचा काउंटर कोड चिकटवून बसवता येतो. मी त्यांना अजून ते सांगितलेलं नाही.