आधार कार्डावर फोटो माझा, नाव दुसरीचं

ओळखीची कुणी बाई ‘स्त्रीबीज दे, पंचवीस हजार मिळतील’ म्हणत आली तर आधी हे वाचा. ठाणे जिल्ह्यात आमच्या वस्तीत अशी एक ताई फिरते. धुणीभांडी करणारी, कर्जात अडकलेली, नवऱ्याने टाकलेली बाई ती बरोबर हेरते. मला म्हणाली, “अगं, दर महिन्याला वायाच जातं ते. एखादीची कूस उजवेल.” मुलाची फी थकली होती, मी तयार झाले.

पाळी आल्यावर पोटात रोज इंजेक्शनं सुरू झाली, अधूनमधून सोनोग्राफी. बीजं काढायच्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात तिने माझ्या हातात आधार कार्ड दिलं. फोटो माझा, नाव आणि जन्मतारीख भलत्याच कुणाची. “देणारीचं नाव गुप्त ठेवायचा कायदाच आहे गं, आत हेच नाव सांग.” उपाशीपोटी, गाऊन घालून बसवल्यावर इंग्रजी कागद पुढे आले. कुणी वाचून दाखवले नाहीत. बोट ठेवलं तिथे सही घेतली.

ती गुप्ततेची गोष्ट धादांत फसवी आहे. नाव लपवतात ते मूल हवं असलेल्या जोडप्यापासून. एआरटी बँकेच्या, म्हणजे दात्यांकडून बीजं घेणाऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या, नोंदीत दात्याचं खरं नाव आणि आधार क्रमांक लागतोच, 2021 च्या कायद्यात तसं लिहिलंय. त्याच कायद्याने बाई आयुष्यात एकदाच बीजं देऊ शकते, वय 23 ते 35 हवं आणि सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. भुलीतून जागी होत होते तेव्हा नर्स कुणाला तरी सांगत होती, “एकोणीस निघाली.”

घरी आल्यावर पोट फुगायला लागलं. परकराची नाडी बांधवेना, उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली, आडवं पडलं की धाप लागायची. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, इंजेक्शनांनी अंडाशय सुजलेत, पोटात पाणी झालंय. ताईचा फोन बंद. भाऊ त्या दवाखान्यात विचारायला गेला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “या नावाची पेशंटच नाही आमच्याकडे.” कागदावर मी तिथे गेलेच नव्हते! दात्यासाठी बारा महिन्यांचा विमा जोडप्याने काढायचा असतो. काढला असेल तरी त्या दुसऱ्या नावाने. खोट्या कार्डाचा उपयोग हाच. तीच बाई पुन्हा पुन्हा नेता येते, वय लपतं, आणि काही झालं तर दाद मागायला नावच उरत नाही. तमिळनाडूत इरोडला 2022 मध्ये सोळा वर्षांच्या मुलीची बीजं विकल्याचं उघडकीला आलं, तिथेही बनावट आधारच होतं.

पैसे? पाकिटात चौदा हजार निघाले. बाकीचे म्हणे गाडीभाडं आणि तपासण्यांत गेले. मुळात स्त्रीबीजांची खरेदी-विक्री हाच गुन्हा आहे. पहिल्यांदा 5 ते 10 लाख दंड, पुन्हा केल्यास 3 ते 8 वर्षं कैद. म्हणजे रक्कम ठरवायला आलेली बाई दलालच समजा.

कुणी नेत असेल तर एआरटी बँकेचा नोंदणी क्रमांक मागा, विम्याचा कागद मागा, संमतीपत्र मराठीत समजून घ्या आणि स्वतःचं नाव कागदावर दिसल्याशिवाय इंजेक्शन टोचून घेऊ नका. बीजं काढल्यावर पोट फुगलं, धाप लागली तर ताईच्या फोनची वाट बघू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा.

मी पोलिसांत अर्ज दिलाय, सोबत त्या कार्डाची झेरॉक्स आणि सोनोग्राफीचे कागद जोडलेत. आणखी कुणाला असंच दुसऱ्या नावाने नेलं असेल तर तुमच्याकडचे कागद फाडू नका, अर्ज करा. एकीचा अर्ज पडून राहतो.