उन्हाळी नाट्यहंगामाचा पास : वापरून झाल्यावर

मार्चअखेरीस पास घेतला, शेवटचं नाटक जूनच्या पहिल्या आठवड्यात झालं. आता बाहेर पाऊस लागलाय आणि सुरुवातीचा उत्साहही ओसरलाय, तेव्हा सावकाश लिहितो.

कोल्हापुरात राजारामपुरीत एका जुन्या गोदामात हे थिएटर आहे. खुर्च्या शंभराच्या आत, वर पत्रा, दर्शनी पडदा नाहीच. उन्हाळ्यात पाच नाटकं, सगळी कथा-कादंबऱ्या, आठवणी नाहीतर लेखांवरून बेतलेली. पास बाराशे रुपये, दोघांचा एकत्र घेतला तर दोन हजार. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडल्यापासून आमच्या घरी नाटकाचं नाव काढलं की "कुठं?" हाच पहिला प्रश्न येतो. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभ्या राहिलेल्या त्या थिएटरात नाटकं बघत वाढलेल्या माणसाला गोदामातली प्लास्टिकची खुर्ची पटकन पचत नाही. पण काही गोष्टी याच खुर्चीतून दिसतात, हेही खरं.

'कफन'चंच बघा. प्रेमचंदांची ही कथा १९३५ ची. झोपडीत सून बाळंतपणाच्या कळांनी तळमळतेय आणि बाहेर बाप-लेक शेकोटीत बटाटे भाजत बसलेत. आपण आत गेलो तर बाप जास्त बटाटे खाईल म्हणून लेक हलत नाही, आणि बापही जागचा उठत नाही. इथं रंगमंचावर खरोखर निखारे होते आणि बटाटेही खरे. करपलेल्या सालीचा वास तिसऱ्या रांगेपर्यंत आला. माझ्या शेजारच्या काकू सात वाजता नुसत्या चहावर घरून निघालेल्या. त्यांनी हळूच "भूक लागली बाई" म्हटलं आणि त्याच क्षणी आतून किंकाळी आली. काकूंनी पदर तोंडाला लावला तो मध्यंतरापर्यंत काढला नाही. मोठ्या नाट्यगृहात हे घडलं नसतं. तिथं वास पोचला नसता.

दुसऱ्या अंकात मात्र घोळ. कफनासाठी गोळा केलेल्या पैशांत बाप-लेक गुत्त्यात जाऊन दारू पितात, पुऱ्या खातात. रूपांतरकारानं गोष्ट पन्हाळ्याच्या पायथ्याला आणून बसवली, इथवर ठीक. पण पुऱ्यांच्या जागी कोल्हापुरी तांबडा-पांढरा रस्सा आला आणि थिएटरात टाळ्या पडल्या, शिट्टीसुद्धा. जिथं प्रेक्षकाच्या घशाखाली घास उतरू नये तिथं आपण गावाच्या अभिमानानं टाळ्या वाजवत होतो. दुसरं, मूळ कथेत या दोघांची जात स्पष्ट सांगितली आहे आणि दिवसरात्र राबणाऱ्यांचीही हालत यांच्याहून फारशी बरी नव्हती, हेही. इथं दोन्ही गाळलं. मग उरतो तो नुसता आळशीपणा. या दोन तक्रारी मी प्रयोगानंतर तिथंच बोलून दाखवल्या. "बघतो सर" असं उत्तर मिळालं. पुढच्या प्रयोगाला गेलेल्या मित्राकडून कळलं की तांबडा-पांढरा तसाच आहे.

या हंगामाची खरी दुखरी बाजू म्हणजे निवेदक. कथा रंगमंचावर आणायची म्हटलं की एक माणूस कुर्ता घालून कोपऱ्यात उभा करायचा आणि पुस्तकातले परिच्छेद त्याच्याकडून म्हणवून घ्यायचे. याला अभिवाचन म्हणावं, पासावर 'नाटक' छापू नये. सगळ्यात फटका बसला तो 'श्यामची आई'ला. मूळ पुस्तकच आश्रमातल्या सोबत्यांना रात्री-रात्री सांगितलेल्या आठवणींचं, त्यामुळं मोठा श्याम बोलणार हे मान्य. पण मुलांना सुट्टीत नाटकाला आणायचं आणि अर्धा वेळ एका गृहस्थाचं भाषण ऐकवायचं? ओल्या पायाला माती लागू नये म्हणून आई धोंडीवर लुगड्याचे ओचे पसरते तो प्रसंग तेवढा विनाशब्द केला, आणि तेव्हाच पोरं गप्प बसली. बाकी वेळ वेफर्सच्या पुड्यांचा आवाज.

'पण लक्षात कोण घेतो?'मध्ये उलट घडलं. हरिभाऊ आपट्यांनी कादंबरीत नायिकेला, यमूलाच बोलायला लावलंय, त्यामुळं वेगळा निवेदक लागलाच नाही. एवढी जाडजूड कादंबरी दोन तासांत बसवताना माहेरचा भाग जवळजवळ सगळा गेला, त्याची चुटपुट वाटली. केशवपनाचा, म्हणजे विधवेचे केस काढण्याचा प्रसंग मात्र असा की न्हावी नाही, वस्तरा नाही. नटी एकेक आकडा केसांतून काढते आणि पितळेच्या तबकात टाकते. प्रत्येक आकड्याचा आवाज. मध्येच एक आकडा केसांत अडकला. ते बसवलेलं होतं की खरंच अडकला, कोण जाणे, पण तिनं तो ओढून काढला आणि पुढचं वाक्य विसरल्यासारखी थांबली. पासाचे पैसे तिथंच वसूल झाले.

चेखवच्या कथेतला साहेबावर शिंकलेला कारकून जिल्हा परिषदेत आणलाय. छान, चटपटीत, पण पाऊण तासाचा ऐवज दीड तास ताणलाय. राम गणेश गडकऱ्यांनी 'बाळकराम' या नावानं लिहिलेल्या विनोदी लेखांवरचं नाटक हसवतं, आणि ठकीच्या लग्नाच्या खटपटीत आजही आपल्या ओळखीची चार घरं दिसतात. त्यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

बऱ्याच जणांचा प्रश्न : कोल्हापुरात हंगाम करताय आणि आपले कादंबरीकार वि. स. खांडेकर कसे नाहीत? कारण साधं आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. खांडेकर गेले १९७६ साली, म्हणजे २०३६ संपेपर्यंत परवानगी घ्यावी लागणार, मानधन द्यावं लागणार. हरिभाऊ आणि गडकरी १९१९ मध्ये गेले, प्रेमचंद १९३६ मध्ये, साने गुरुजी १९५० मध्ये. सगळे मोकळे. एवढ्याशा थिएटरचं गणित कळतं, पण आता हा पैसा उभा करायला हवा. पासात शंभर रुपये वाढवा, माझी तक्रार नाही. जिवंत लेखकाची एक तरी कथा घ्या.

पास घेणार असाल तर चार गोष्टी. सातचा प्रयोग सव्वासातच्या आधी सुरू होत नाही, तिसरी घंटा झाली तरी पाहुण्यांची वाट बघतात. कूलर आवाज करतो म्हणून प्रयोग सुरू होताच बंद करतात, त्यामुळं एप्रिल-मेमध्ये सुती कपडे घाला आणि पंख्याखालची डावीकडची रांग धरा. वळवाचा पाऊस आला की पत्र्यावर असा ताशा वाजतो की संवाद फक्त पहिल्या दोन रांगांना ऐकू येतात. एकदा तर नटांनी प्रयोग दहा मिनिटं थांबवला. पार्किंग नाही, गाडी मुख्य रस्त्यालाच लावा. आणि पास दुसऱ्याच्या नावावर चालतो, हे तिथं कुणी आपणहून सांगत नाही. 'श्यामची आई'ला मी भाच्याला पाठवून मोकळा झालो असतो.