दलाली एक टक्का, वर तीन लाख

आमचा वडगाव बुद्रुकचा फ्लॅट २०२३च्या उन्हाळ्यात विकला. त्या व्यवहारात एजंटाने मला तीन लाखांना बुडवलं. आणि तो बुडवत होता तेव्हा आपण कसे पक्के व्यवहारी, याच तोऱ्यात मी होतो. ज्यांचं घर विकायला काढलंय त्यांनी हे वाचावं.

जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात पुण्यात एजंट साधारण एक ते दोन टक्के मागतो, आणि बहुतेक वेळा दोन्हीकडून, विकणाऱ्याकडून आणि घेणाऱ्याकडूनही. सरकारने ठरवलेला दर नाही. रेरा, म्हणजे बिल्डर आणि एजंटांवर लक्ष ठेवणारा कायदा, तोही दलाली किती घ्यायची ते सांगत नाही. जे काही आहे ते बोलण्यावर. हे सगळं वाचून, विचारून मी तयारीने बसलो होतो. त्याने दोन टक्के सांगितले. ६५ लाखांची अपेक्षा धरली तर एक लाख तीस हजार. मी म्हटलं, एक. तो हसला, "काका, फुकटात राबवणार तुम्ही मला," म्हणाला, आणि एकावर आला.

तो गेल्यावर मी बायकोकडे जरा ऐटीतच पाहिलं. ती म्हणाली, "कोथिंबीरवाली पाच रुपयांसाठी तुमच्याशी दहा मिनिटं भांडते. ह्याने पासष्ट हजार असे कसे सोडले?" मी तिला समजावलं की बाजार मंदा आहे. मंदा कसला डोंबलाचा.

जाता जाता दारात चपला घालताना त्याने एक प्रश्न विचारला होता. "काका, तुमच्या हातात किती पडले पाहिजेत, एवढं फक्त सांगून ठेवा." मी म्हटलं, "बासष्टच्या खाली नाही." दलालीवर घासाघीस करणारा मी, आपला तळ मात्र त्याला एका प्रश्नात दाखवून बसलो. बासष्टच्या वरचं रान त्याला मोकळं झालं.

पुढचे दोन महिने किल्ली त्याच्याकडे होती. गिऱ्हाइकं तोच आणायचा, तोच दाखवायचा. मी एकदोनदा म्हटलं, मीही येतो. तर म्हणायचा, मालक समोर असला की पार्टी मोकळी बोलत नाही. मला ते पटलं. मग एके दिवशी फोन आला की पार्टी मिळाली, साठच म्हणत होती, घासून घासून बासष्टवर आणलीय, आज टोकन घेऊन टाकू. "फक्त एक करा काका, घेणारा मुलगा जरा तिरसट आहे. पैशाचं बोलणं माझ्यावर सोडा." मी सोडलं.

साठेखत, बँकेचं कर्ज, सोसायटीचे कागद यात दीड महिना गेला. (सोसायटीच्या हस्तांतरणाला साठ हजार लागतील असंही तो मध्येच म्हणाला होता. महापालिका हद्दीत सोसायटीला २५ हजारांपेक्षा जास्त अधिमूल्य घेता येत नाही, हे सेक्रेटरींनी सांगितल्यावर तो विषय त्याने परत काढला नाही.) दस्ताच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो झाला, अंगठा झाला, आणि बाहेर येऊन त्याने बिल पुढे केलं. ६२ लाखांवर एक टक्का ६२ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी ११,१६०, एकूण ७३,१६०. जीएसटीचं बोलणं आधी झालंच नव्हतं. पण एवढ्या आनंदाच्या दिवशी कुठे कटकट, म्हणून चेक फाडला.

आठवड्याने मी मीटरच्या नावबदलाचे कागद द्यायला त्या फ्लॅटवर गेलो. मुलगा अजिबात तिरसट नव्हता. त्याची आई लातूरहून आली होती, तिने पेढे दिले, चहा केला. आई आत गेल्यावर तो खाली बघत म्हणाला, "काका, विचारू नये, पण विचारतो. ते तीन लाख तुम्हाला नीट पोचले ना?"

मी म्हटलं, कुठले तीन लाख?

त्याचा हातातला पेढा तसाच राहिला. एजंटाने त्याला सांगितलं होतं की काकांना ६५ हवेत, पण तीन लाख रोख हवेत. दस्त ६२चा करू, तुमची सात टक्के स्टॅम्प ड्युटी तेवढी वाचेल, म्हणजे एकवीस हजार. काकांना रोखीचं बोलायला अवघड वाटतं, तेव्हा त्यांच्यासमोर विषय काढू नका. पोराने आईचं सोनं गहाण ठेवून रोख उभी केली होती, कारण बँक कर्ज देते ते दस्तातली किंमत धरून, वरचे खिशातून घालावे लागतात. मला सांगितलं मुलगा तिरसट, त्याला सांगितलं काका संकोची. दोघांच्या मधली भिंत त्याने अशी दोन वाक्यांत बांधली.

मला सर्वांत जास्त घाम फुटला तो पैशांमुळे नाही. त्या पोराच्या मनात, आणि उद्या कुणी विचारलंच तर त्याच्या तोंडातही, रोख घेणारा मी होतो. घर विकताना वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेतली, तर आयकर कायद्याने तेवढाच दंड बसू शकतो. म्हणजे न पाहिलेल्या तीन लाखांवर तीन लाख दंडाची टांगती तलवार.

एजंटाला गाठलं तर तो शांतपणे म्हणाला, "घेतले असं कुठे लिहिलंय का?" नव्हतंच लिहिलेलं. वकील भाचीने सांगितलं की १८७२च्या करार कायद्यात एजंटाने मालकाच्या नावावर घेतलेले पैसे मालकाचेच, ते त्याने द्यायलाच हवेत. पण सिद्ध करायचं कोणी? एकमेव साक्षीदार तो मुलगा, आणि त्यानेच रोख दिलेली. तो हात जोडून म्हणाला, काका, मला यात ओढू नका. त्याला मी दोष देत नाही. रेराचं म्हणाल तर इमारत १९९९ची. रेरात नोंदलेल्या प्रकल्पांच्या एजंटांना त्या कायद्याचा धाक, आमच्या जुन्या फ्लॅटला त्याचा उपयोग नाही. त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर रेरा नंबर ठळक छापलेला होता. मी तो पाहूनच भारावलो होतो.

राग शमेना म्हणून एका रात्री ते बिल काढून बसलो. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ने सुरू होतो. त्याचा २७नेच सुरू होत होता. बोट ठेवून मोजला, तर चौदा. परत मोजला. चौदाच. जीएसटीच्या पोर्टलवर अशा नंबराचं काही निघणं शक्यच नव्हतं. नोंदणी नसलेल्या माणसाला ग्राहकाकडून जीएसटी घेताच येत नाही. सकाळी त्याला बिलाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, जीएसटी कार्यालयात कोणत्या टेबलावर देऊ? अर्ध्या तासात ११,१६० रुपये खात्यात आले, सोबत "टायपिंग मिस्टेक" आणि हात जोडल्याची खूण. तीन लाख गेले ते गेले.

यंदा मेहुणीचा कोथरूडचा फ्लॅट काढला तेव्हा तिने मला पुढे केलं. हातात किती हवेत, या प्रश्नाला मी एकच उत्तर ठेवलं होतं, की जाहिरातीतली किंमत तीच. दलालीवर घासाघीस केलीच नाही. उलट मीच दीड टक्का म्हटलं आणि एक कागद पुढे सरकवला. दलाली दस्तातल्या किमतीवर, दस्त झाल्यावर, जीएसटी असेल तर नंबरासकट, त्याआधी एक रुपया नाही. किमतीची बैठक घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या समोरासमोर. घेणारा देईल तो प्रत्येक रुपया दस्तात आणि बँकेतून.

पहिला एजंट म्हणाला, घरी विचारून सांगतो, आणि परत आला नाही. दुसऱ्याला समोरासमोरचं कलम नको होतं. पार्टी बुजते म्हणे. तिसऱ्याने खिशातून पेन काढून चहा निवायच्या आत सही केली, आणि विचारलं, "कुणी फसवलं का हो काका?"