दुर्मीळ जर्मन आडनावाचा शोध: विकतचा अहवाल आणि फुकटचा कोश

जर्मन आडनावाचा उगम आणि त्याचा आजचा प्रसार सांगणाऱ्या सेवा इंटरनेटवर आता पैशाला पासरी मिळतात. ‘म्यूलर’ किंवा ‘श्मिट’ यांसारख्या नावासाठी त्यांतील कोणतीही सेवा वापरली तरी फारसे बिघडत नाही, कारण एक गिरणीवाला आणि दुसरा लोहार हे सांगायला कोशकार लागत नाही. सेवेचा कस लागतो तो विरळ नावापाशी. म्हणून या परीक्षणासाठी पुण्याशी जुने नाते असलेले एक विरळ आडनाव निवडले: कीलहॉर्न.

संस्कृतच्या विद्यार्थ्यांना हे नाव नवे नाही. फ्रान्ट्स कीलहॉर्न यांचा जन्म १८४० मध्ये ओस्नाब्र्यूक येथे झाला. १८६६ ते १८८१ या काळात ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते आणि पुढे ग्योटिंगेन विद्यापीठात गेले. पतंजलींच्या व्याकरणमहाभाष्याची त्यांनी सिद्ध केलेली प्रत आजही अभ्यासकांच्या हाताशी असते, आणि काशिनाथ वासुदेव अभ्यंकर यांनी सुधारलेली तिची आवृत्ती भांडारकर प्राच्यविद्या संस्थेनेच प्रसिद्ध केली. ज्यांच्या नावाचे भवन बोट क्लब रस्त्यावर आहे ते मॅक्स म्युलर भारतात कधी आलेच नाहीत, हे जाता जाता नमूद करायला हरकत नाही. तुलनेसाठी मात्र ही जोडी उत्तम आहे. म्यूलर हे जर्मनीतील सर्वांत जास्त आढळणारे आडनाव असून २००५ च्या टेलिफोन नोंदींत ते अडीच लाखांहून अधिक वेळा येते. कीलहॉर्न हे नाव पहिल्या हजारांतही नाही.

प्रथम विकतच्या अहवालाविषयी. आडनावाचा ‘संपूर्ण इतिहास’ घरपोच देणाऱ्या एका परदेशी संकेतस्थळाकडून आमच्या अभ्यासमंडळाने सुमारे तीन हजार रुपये भरून हा अहवाल मागवला. छपाई देखणी, कागद जाड, मुखपृष्ठावर सोनेरी कडेचे कुलचिन्ह. नेमकी पहिली शंका त्या कुलचिन्हापाशीच येते. युरोपीय परंपरेत ढालीवरचे चिन्ह एखाद्या विशिष्ट घराण्याचे असते, आडनावाचे नसते. एकच आडनाव एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दहा कुटुंबांत असू शकते आणि त्यांतल्या एखाद्याच कुटुंबाने चिन्ह घेतलेले असते. त्यामुळे ‘कीलहॉर्न घराण्याचे कुलचिन्ह’ असे मोघम छापणे म्हणजे सगळ्या कुलकर्ण्यांना एकाच वाड्याचे वारस ठरवण्यासारखे आहे.

व्युत्पत्तीचा मजकूर चार ओळींचा होता. आजच्या जर्मन शब्दकोशात ‘कील’ म्हणजे जहाजाचा तळकणा आणि ‘हॉर्न’ म्हणजे शिंग. म्हणून मूळपुरुष जहाजबांधणी करणारा असावा, असा निष्कर्ष त्यात होता. आडनावांच्या अभ्यासात हाच सर्वांत ठळक सापळा आहे. बहुतेक जर्मन आडनावे मध्ययुगाच्या उत्तरार्धात रूढ झाली. बाराव्या शतकापासून शहरांत त्यांचा वापर सुरू झाला आणि पुढील तीन-चार शतकांत तो खेड्यापाड्यांत पोहोचला. त्यामुळे नावाचा अर्थ आजच्या प्रमाण जर्मनमध्ये न शोधता त्या काळच्या आणि त्या प्रदेशाच्या बोलीत शोधावा लागतो. उत्तर जर्मनीची ती बोली म्हणजे निम्न जर्मन. तिच्या मध्ययुगीन रूपात ‘कील’ म्हणजे पाचर, आणि शेताच्या किंवा गावाच्या नावातील ‘हॉर्न’ म्हणजे जमिनीचा पुढे आलेला कोपरा. लोअर सॅक्सनीतील गिफहॉर्न आणि होल्स्टाइनमधील एल्म्सहॉर्न या गावांच्या नावांत हाच ‘हॉर्न’ आहे. पाचरीच्या आकाराच्या कोपऱ्यावरची जमीन आणि तिथे राहणाऱ्यांना त्यावरून मिळालेले नाव, हा अर्थ ओस्नाब्र्यूकच्या परिसराशी जहाजापेक्षा कितीतरी सहज जुळतो, कारण ते शहर समुद्रापासून बरेच आत आहे. आल्प्सच्या बाजूला हाच ‘हॉर्न’ डोंगराच्या सुळक्याला लावतात. मात्र उत्तरेतल्या नावाचा अर्थ दक्षिणेतल्या सुळक्यावरून लावणे चुकीचेच ठरेल.

अहवालातील तिसरा दोष आकड्यांचा. जगात हे आडनाव धारण करणाऱ्यांची संख्या त्यात अगदी एककापर्यंत दिली होती; ती कोणत्या वर्षाची, कुठून आली, नोंदी मोजल्या की माणसे, याचा मात्र पत्ता नव्हता. अमेरिकेत गेलेल्यांची नावे बंदरावरच्या अधिकाऱ्यांनी बदलली, ही लोकप्रिय कथाही त्यात होती. प्रत्यक्षात प्रवाशांच्या याद्या जहाज सुटते त्या बंदरावर तयार होत आणि न्यूयॉर्कचे अधिकारी त्याच याद्यांवरून तपासणी करत. स्पेलिंग बदलली ती बहुतेक वेळा पुढे, शाळेत, कामावर किंवा नागरिकत्वाच्या कागदांवर, आणि अनेकदा कुटुंबांच्या स्वतःच्या इच्छेने.

आता फुकटच्या कोशाकडे वळू. ‘जर्मनीतील आडनावांचा डिजिटल कोश’ हा प्रकल्प माइन्त्सच्या विज्ञान व साहित्य अकादमीने माइन्त्स आणि डार्मश्टाट येथील विद्यापीठांच्या साहाय्याने २०१२ मध्ये सुरू केला आणि त्याची मुदत २०३५ पर्यंत आहे. जर्मनीत सुमारे साडेआठ लाख वेगवेगळी आडनावे आढळतात. त्यांपैकी टेलिफोन नोंदींत किमान दहा वेळा आलेली सुमारे दोन लाख नावे कोशात घेण्याचे उद्दिष्ट आहे. तुर्की, पोलिश, इटालियन अशा परभाषिक कुटुंबांची नावेही त्यात बरोबरीने येतात, आणि ही मला कोशाची सर्वांत समंजस बाजू वाटते. ‘अस्सल जर्मन’ नावांचे कुंपण घातले असते, तर आजच्या जर्मनीचे चित्र त्यात उमटलेच नसते.

प्रत्येक नोंदीची मांडणी ठरलेली आहे: नाव किती वेळा आढळते, वारंवारतेत त्याचा क्रमांक कितवा, नकाशावर ते कुठे दाट आहे, आणि मग अर्थ. अर्थाचे पाच वर्ग केलेले आहेत: व्यक्तिनामावरून, मूळ गावावरून, राहत्या जागेवरून, व्यवसायावरून आणि टोपणनावावरून. पुण्यात कीलहॉर्न यांच्याआधी संस्कृत शिकवणारे मार्टिन हाउग हे व्युर्टेम्बेर्गमधील बालिंगेनजवळच्या गावचे; त्यांचे आडनाव पहिल्या वर्गातले, ‘हूग’ किंवा ‘ह्यूगो’ या नावाचे दक्षिणेकडचे रूप. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील गेओर्ग ब्यूलर यांचे आडनाव तिसऱ्या वर्गातले, म्हणजे टेकडीवर राहणाऱ्याचे. कीलहॉर्न हे नाव वरचा अर्थ धरला तर ब्यूलर यांच्याच वर्गात बसते. एका शब्दाला दोन स्पष्टीकरणे संभवत असतील तर कोश दोन्ही देतो, आणि कोणते अधिक संभाव्य हे नकाशाच्या आधारे ठरवतो. विकतच्या अहवालात नेमका हाच सांधा निखळला होता: अर्थ एका पानावर आणि नकाशा दुसऱ्या पानावर, आणि दोघांची एकमेकांशी तोंडओळखही नाही.

नकाशा नावाचा प्रदेश कसा दाखवून देतो याचे सोपे उदाहरण ‘मायर’ या नावाचे आहे. याचा उच्चार जवळपास सारखाच राहतो, पण लिखाण चार-पाच तऱ्हांचे आहे. ‘वाय’ घालून लिहिलेला ‘मेयर’ प्रामुख्याने उत्तरेत, तर ‘ए-आय’ने लिहिलेला ‘मायर’ दक्षिणेत दाटतो. ही स्पेलिंग पक्की झाली ती सरकारी नोंदणीमुळे: प्रशियात १८७४ मध्ये आणि संपूर्ण साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून जन्म, विवाह आणि मृत्यूची नोंद सरकारी कचेरीत होऊ लागली. तोपर्यंत पाद्री जसे ऐकेल तसे लिहीत असे.

आता आजच्या वारंवारतेचा प्रश्न, आणि इथे कोशाचीही मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. त्याची आकडेवारी डॉइचं टेलिकॉमच्या २००५ च्या घरगुती लँडलाइन नोंदींवर आधारलेली आहे. ही निवड आळसाची नाही: त्यानंतर मोबाइल पसरला, क्रमांक यादीत न देणाऱ्यांची संख्या वाढली आणि पुढच्या कोणत्याही वर्षाची यादी याहून विरळ झाली असती. तरीही तो आकडा माणसांचा नव्हे, जोडण्यांचा आहे. एका जोडणीमागे सरासरी अडीच ते तीन माणसे धरून अंदाज बांधण्याची पद्धत आहे, पण घरात दोन आडनावे असतील तर एक आडनाव गळून पडते, आणि बहुधा ते बाईचे असते. म्यूलरच्या अडीच लाखांत अशी गळती बुडून जाते. कीलहॉर्नसारख्या नावात मात्र दहा-वीस कुटुंबे इकडची तिकडे झाली तरी क्रमांक हलतो.

नकाशाचेही तसेच. वाचकाने निव्वळ संख्या आणि लोकसंख्येशी प्रमाण यांतील फरक लक्षात ठेवावा. निव्वळ संख्येच्या नकाशात बर्लिन आणि हॅम्बुर्ग नेहमीच गडद दिसतात, कारण तिथे माणसेच जास्त आहेत. प्रमाणाच्या नकाशात उलट होते: विरळ वस्तीच्या एखाद्या जिल्ह्यात एकाच नावाची दोन भावांची घरे असली की तो जिल्हा त्या नावाचे माहेर असल्यासारखा रंगतो. विरळ नाव तपासताना दोन्ही नकाशे शेजारी ठेवल्याखेरीज निष्कर्षाला हात घालू नये.

या अडचणीवर एक चांगला उतारा आहे. संगणकीय वंशशास्त्राच्या जर्मन संघटनेच्या स्वयंसेवकांनी पहिल्या महायुद्धातील जर्मन सैन्याच्या मृत, जखमी आणि बेपत्ता सैनिकांच्या छापील याद्या उतरवून काढल्या आहेत. सुमारे ८५ लाख नोंदी, बहुतेकींत सैनिकाचे मूळ गाव, आणि शोध विनामूल्य. या याद्यांतील बहुतांश माणसे १८७० ते १९०० च्या सुमारास जन्मलेली, म्हणजे १९४५ नंतरच्या महास्थलांतराच्या आधीची आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर सायलेशिया, पोमेरेनिया आणि पूर्व प्रशिया येथून आणि मध्य व पूर्व युरोपातील इतर भागांतून एक कोटीहून अधिक जर्मनभाषक पश्चिमेकडे ढकलले गेले. त्यामुळे २००५ च्या नकाशात एखादे सायलेशियन नाव ऱ्हाइनच्या काठी दिसले तर ते तिथलेच समजण्याची घाई होते. सैनिकांच्या याद्या ही गफलत टाळतात. कीलहॉर्न नावाच्या बाबतीत दिशा अशीही वायव्येची आणि मध्य-उत्तरेची दिसते: फ्रान्ट्स कीलहॉर्न ओस्नाब्र्यूकचे, तर १८८१ पासून मंद गतीने शिकणाऱ्या मुलांच्या स्वतंत्र शाळेसाठी ओळखले जाणारे शिक्षक हाइनरिश कीलहॉर्न ब्राउनश्वाइगचे. ही दोन्ही शहरे आज लोअर सॅक्सनी राज्यात आहेत. हे दोघे एकाच कुळातले होते, असे मात्र यावरून म्हणता येणार नाही, आणि विकतच्या अहवालाने ते बिनदिक्कत म्हटले आहे.

वापरायच्या दृष्टीने पाहता कोशाचे लेख जर्मनमध्येच आहेत आणि संक्षेपांनी खच्चून भरलेले आहेत. पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांना तोटा नाही. पण मध्यम पातळीची परीक्षा दिलेला विद्यार्थीही ‘मध्य-निम्न-जर्मन’ आणि ‘मध्य-उच्च-जर्मन’ (उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या जर्मनची मध्ययुगीन रूपे) यांच्या संक्षेपांपाशी अडखळतो. एकदा संक्षेपांची यादी छापून जवळ ठेवली की वाट मोकळी होते. चाकणच्या कारखान्यांत जर्मन वरिष्ठांबरोबर काम करणाऱ्यांना कोशाचा एक अनपेक्षित फायदाही आहे: नावांची घडण कळली की उच्चार सुधारतो. ‘आय-ई’ या जोडीचा दीर्घ ‘ई’ होतो हे माहीत नसल्याने ‘कीलहॉर्न’चे ‘काइलहॉर्न’ करणारे आपल्याकडे अजूनही पुष्कळ आहेत.

दुर्मीळ नावे शोधणाऱ्याला मात्र धीर धरावा लागेल. प्रकल्पाचे काम वारंवारतेच्या उतरत्या क्रमाला धरून चालत आल्याने मोठी नावे आधी आणि विरळ नावे सावकाश येतात. ज्यांना सर्वाधिक गरज आहे त्यांनाच सर्वांत उशिरा उत्तर, ही व्यवस्था तर्काला पटते, मनाला नाही. तोवर नावाचे घटक वेगळे करून, ‘-हॉर्न’, ‘-कांप’, ‘-बेक’ असे शेवट सारखे असलेली नावे कोशात पाहणे हा चालण्यासारखा मार्ग आहे.

अहवालाला मी पाचपैकी एक गुण देतो, तोही छपाईला. कोशाला चार, पाचवा गुण विरळ नावांच्या नोंदी पुऱ्या झाल्यावर. एखाद्या विशिष्ट कुटुंबाचा मूळ गावापर्यंत माग काढायचा असेल, तर तेच तीन हजार रुपये प्रोटेस्टंट चर्चच्या नोंदवह्या दाखवणाऱ्या आर्खिओन या सशुल्क संग्रहाच्या सदस्यत्वाला लावावेत. कॅथलिक पंथाच्या कित्येक धर्मप्रांतांच्या वह्या माट्रिकुला या संग्रहात विनामूल्य पाहता येतात. दोन्हीकडे जुन्या ‘कुरेंट’ लिपीतले हस्ताक्षर वाचावे लागते. ती लिपी आठ-पंधरा दिवस नेटाने गिरवली की नावे आणि तारखा उलगडू लागतात, आणि वहीच्या समासात पाद्र्याने केलेल्या नोंदी वाचायला मात्र त्याहून बराच अधिक सराव लागतो.