झोपेचं ॲप: पद्धत सोन्यासारखी, डायरी बिनकामाची

गेल्या आठवड्यात खात्यातून 2,999 रुपये आपोआप कटले. झोपेच्या ॲपचा कोर्स उन्हाळ्यातच संपला, पण वर्गणी म्हणे 'चालू' होती. तक्रार केली. तेवढ्यात माझी एक फवारणी निघाली असती, म्हणून सविस्तर लिहितो.

ॲप शिकवतं ती सीबीटी-आय, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलून निद्रानाश घालवायची थेरपी. मी बाजेवर नऊ तास पडून राहायचो, झोप साडेपाच तासांची. म्हणजे झोपेची कार्यक्षमता, बाजेवरच्या वेळातला खऱ्या झोपेचा वाटा, 61 टक्के. ॲपनं फर्मान काढलं: साडेअकराच्या आत आडवं व्हायचं नाही, पाचला उठायचंच, दुपारची डुलकी बंद. झोप येत नाही म्हणून पैसे भरले, तर हे आहे तीच झोप मोजून देणार! आमचं गाव साडेनऊला चिडीचूप. मला ओसरीत पेंगताना पाहून घरची म्हणे, "पैसे देऊन जागता काय तुम्ही?"

सुरुवातीचे आठवडे बेकार गेले. मोटारसायकलवर डोळा लागेल म्हणून तालुक्याला एसटीनं गेलो. मग मात्र पाठ टेकली की झोप. 85 टक्क्यांच्या वर गेलं की पंधरा मिनिटं वाढवून मिळतात, तसं करत करत सहा तासांच्या पुढे आलो, तेही सलग. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं 2016 मध्येच जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हीच थेरपी सांगितली आहे. आता पटतं.

वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जा, हा नियम शहरातला. उन्हाळ्यात अंगणात सगळ्यांच्या बाजा ओळीनं. उठलो की कुत्रं भुंकतं, माय विचारते, "काय झालं रे?" विचारांचे धडे ठीकठाक, व्हिडिओतल्या माणसाला मीटिंगची चिंता, मला पीककर्जाची. पण काळजी करायची वेळ संध्याकाळीच ठरवून टाकायची, ही युक्ती लागू पडली.

आता ॲपमधली ती डायरी, रोजची झोप नोंदवायची. रब्बीत मोटारीची थ्री फेज लाईन, म्हणजे वीज, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची असली की हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात जावंच लागतं. त्यात रानडुकरांमुळे जागल वेगळीच. डायरीत मात्र 'झोपलो' आणि 'उठलो' असे दोनच रकाने. दहा ते एक झोपलो, चार वाजता परत आडवा झालो, हे भरायला जागाच नाही. सगळं 'मधली जाग' म्हणून धरतं, टक्केवारी कोसळते आणि ॲप झोप आणखी कापतं. अंधारात, ओल्या वावरात, मोटारच्या स्टार्टरला हात घालणाऱ्या माणसाची! चॅटवर विचारलं तर उत्तर आलं, "झोपण्याची जागा शांत ठेवा."

शेवटी शाळकरी वहीत रकाने आखले. रात्रीच्या लाईनच्या आठवड्यात झोपेची कपात बंद, उठायची वेळ फक्त जमेल तशी सांभाळायची. दिवसाच्या आठवड्यात पुन्हा नियम. झोपलेला वेळ भागिले बाजेवरचा वेळ, एवढाच हिशेब. तो मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतो.

एवढं लिहून झालं आणि कंपनीचं उत्तर आलं, इंग्रजीत. निम्मे पैसे परत देतो म्हणतात. म्हणून तीन तारे. डायरी सुधारेपर्यंत चौथा नाही.

घेणारच असाल तर फिट्स किंवा बायपोलरचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा, कारण जागरणानं तो वाढतो. आणि पहिला हप्ता गेला की त्याच दिवशी यूपीआयच्या ऑटोपेमध्ये जाऊन मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, रद्द करा.